‘पर्यावरणपूरक नेपथ्य’ बरोबर की ‘पर्यावरणस्नेही’?

प्रश्न: नाटकाच्या जाहिरातीत ‘पर्यावरणपूरक नेपथ्य’ असं वाचलं. ‘पूरक’ चालेल की ‘स्नेही’ हवं?

उत्तर: पूरक म्हणजे उणीव भरून काढणारं. बांबू-गोणपाटाचा सेट पर्यावरणाची कुठली उणीव भरतो? गणपतीच्या मूर्तींपासून सुटलेलं हे ‘पूरक’ पिशव्या, फटाके करत आता रंगमंचावर चढलंय. ‘स्नेही’ लग्नपत्रिकेत ठीक. ‘आमचा सेट प्रयोगानंतर भंगारात जात नाही’ असं सरळ लिहा की!

माझं खरं दुखणं ‘नेपथ्य’ आहे. संस्कृतात नेपथ्य म्हणजे सेट नव्हेच. नटाचा वेश, आणि तो चढवायची पडद्यामागची जागा. कालिदासाच्या ‘शाकुंतल’ नाटकाच्या आरंभी सूत्रधार नटीला म्हणतो, नेपथ्यविधान आटोपलं असेल तर इकडे ये. बाई आत नटत होती, फळ्या ठोकत नव्हती. चौथ्या अंकात तर शकुंतलेचा सासरी जातानाचा साज झाडंच देतात: एक झाड चंद्रासारखं पांढरं रेशमी वस्त्र, दुसरं पायांसाठी लाखेचा रस. जी त्यांना पाणी घातल्याशिवाय स्वतः पीत नसे, तिला.

आता व्युत्पत्ती. जुने कोशकार फोड करतात: ‘ने’ म्हणजे नेता, त्याला पथ्य ते नेपथ्य. ही ओढाताण आहे म्हणणारे विद्वान आहेत, असोत. त्यांना ‘पथ्य’ दिसतच नाही. व्याकरणकार पाणिनी ‘अष्टाध्यायी’त सांगतो (४.४.९२), पथ्य म्हणजे वाटेपासून न ढळलेलं. आपण ते मधुमेह्याच्या ताटात कोंबलं. माझं म्हणणं असं की नेपथ्य म्हणजे वाटेला झेपेल एवढाच साज. भाषाशास्त्री नाक मुरडतील, पण त्यांनी एकदा सिंधुदुर्गात दशावतारी नाटक पाहावं. पूर्वी ही मंडळी गावोगाव चालत जात, तेव्हा डोक्यावरच्या पेटाऱ्यात मावेल तेवढंच सामान. देवळाच्या कोपऱ्यात नट हातातल्या आरशात बघत स्वतःच तोंड रंगवतो, आणि रंगमंचावर असतं एक लाकडी बाकडं. त्यावर राजा बसला की सिंहासन. सकाळी बाकडं देवळात परत.

हां, तुमचा प्रश्न राहिलाच. ‘पूरक’ काढा. आणि जमलं तर ‘नेपथ्य’सुद्धा, ‘सेट’ म्हणा, सगळ्यांना कळतं.