खलनायकाचा आकस: एका होतकरू कादंबरीकारास पत्र

स. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली प्रकरणे वाचली. नायक चांगला जमला आहे, त्यामुळे त्याच्याविषयी काही लिहीत नाही. अडचण आहे ती त्याच्यावर डूख धरून बसलेल्या त्या सहकाऱ्याची. त्याच्या द्वेषाला कारण हवे म्हणून तुम्ही त्याला बालपणीची उपासमार, बापाचा मार आणि प्रेमभंग असे सगळे एकदमच देऊन टाकले आहे, आणि नेमका त्यामुळेच तो खोटा वाटतो. अलेक्झांडर द्युमाची ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ ही 1844 पासून क्रमशः प्रसिद्ध झालेली कादंबरी काढा आणि तिची सुरुवातीची प्रकरणे केवळ दांग्लारवर नजर ठेवून वाचा.

24 फेब्रुवारी 1815 रोजी ‘फाराओं’ हे जहाज मार्सेय बंदराला लागते. कप्तान वाटेतच तापाने वारला आहे आणि 19 वर्षांच्या एदमों दांतेसने जहाज सुखरूप आणले आहे. दांग्लार हा जहाजावरील मालाचा हिशेबनीस, वयाने थोडा मोठा; मालक मोरेल आता या पोराला कप्तान करणार, हे त्याला दिसते आहे. कारण एवढेच. मागे दोघांची बाचाबाची झाली, तेव्हा दांतेसने मॉन्टे क्रिस्टो बेटापाशी दहा मिनिटे थांबून काय तो निकाल लावू, असे सुचवले होते आणि दांग्लारने ते टाळले होते. मोरेल विचारतो तेव्हा दांतेस ही हकिकत स्वतःकडे कमीपणा घेऊन सांगतो, आणि हिशेबनीस म्हणून मात्र दांग्लारविरुद्ध बोलण्यासारखे काही नाही, असेही म्हणतो. नायक इतका सरळ वागल्यावर आकस धरायला सबब उरत नाही, आणि तरीही तो धरला जातो, म्हणून तो अंगावर येतो.

पुढे दारूच्या दुकानातला प्रसंग तर ओळीओळीने वाचावा असा आहे. दांग्लार अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने निनावी पत्र लिहितो, त्यात दांतेसला पदच्युत नेपोलियनच्या पक्षाचा हस्तक, म्हणजे राजद्रोही, ठरवतो, आणि मग आपण थट्टा करत होतो असे दाखवून कागद चुरगाळून कोपऱ्यात फेकतो. सोबत बसलेला दांतेसचा शेजारी कादरूस नशेत आहे. दांतेसची वाग्दत्त वधू मर्सेदेस, तिच्यावर जीव असलेला फर्नां तो कागद उचलणार, हे ओळखूनच दांग्लार तिथून निघतो.

द्युमाला हे कथानक सुचले ते पॅरिस पोलिसांचा दप्तरदार झाक प्यूशे याने पोलिसी दप्तरांच्या आधारे सांगितलेल्या एका हकिकतीवरून. तिथे लग्न ठरलेल्या एका चांभाराला हेव्यापोटी इंग्रजांचा हेर ठरवून अडकवणारा म्होरक्या एक कॅफेवाला आहे. द्युमाने स्त्रीविषयीचा मत्सर फर्नांकडे सोपवला आणि नोकरीतली पोटदुखी दांग्लारकडे ठेवली. ही वाटणी मला फार हुशारीची वाटते. (शेवटी दरोडेखोर दांग्लारला एकेका कोंबडीसाठी लाखभर फ्रँक मोजायला लावतात, ते वाचताना मजा येते, पण आपल्या विषयाला त्याचा उपयोग नाही.)

तेव्हा तुमच्या माणसाचे बालपण सांगणारे प्रकरण काढून टाका. हुकलेली बढती राहू द्या. मात्र ती हुकल्यावर त्याने नायकाचे अभिनंदन करावे, तेही चारचौघांत आणि नीट शब्द निवडून. तक्रारअर्ज त्याने स्वतः साहेबांकडे नेण्याची गरज नाही. तो नेईल असा एक दुखावलेला माणूस तुमच्या तिसऱ्या प्रकरणात आधीच बसलेला आहे. त्याच्या हाती तो कसा पडेल, एवढे ठरवा आणि ते प्रकरण पुन्हा लिहून पाठवा.

आपला स्नेहांकित