आधी वर यायची वाट, मग उडी

देवगडच्या बाजूला सड्याखाली, म्हणजे कड्यावरच्या सपाट कातळ माळाखाली, खडकांनी वेढलेलं पाणी आहे, गावातली पोरं कड्यावरून उड्या मारताना व्हिडिओत दिसली, डिसेंबरात आम्ही पाच मित्र पुण्याहून येतोय, तर आम्हाला जमेल का, असं तुम्ही विचारलंय. पाचांतल्या एकाला पोहणं बेताचंच येतं हेही सांगितलंत, ते फार बरं केलंत.

जमेल, पण कड्यावर उभं राहून उंची मोजत बसू नका. आधी खाली उतरा आणि पाण्यातून बाहेर कुठून यायचं ते ठरवा. अशा जागी मी बघितलेल्या बहुतेक जखमा उडीच्या नाहीत, बाहेर येतानाच्या आहेत. खडपाला, म्हणजे पाण्याकाठच्या खडकाला, कालवं (शिंपले) चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात. लाट माणसाला उचलून खडपावर टेकवते आणि परतताना त्याच कालवांवरून खरवडत खाली नेते. म्हणून पहिल्यांदा उडी नकोच. जिथून बाहेर यायचं ठरवलंय तिथूनच पाण्यात शिरा, पोहत उडीच्या जागेखाली जा, बुडी मारून तळ बघा आणि त्याच वाटेने परत या. हे करताना दम लागला किंवा पाय ठेवायला धड जागा सापडली नाही, तर त्या दिवशी नुसतं पोहा. पायात घट्ट बसणारे रबरी बूट हवेतच, चपला वाहून जातात.

तळ बघायलाच हवा, कारण आपल्याकडच्या कड्यांचा दगड जांभा. लाटा त्याला खालून पोखरतात आणि वरचा भाग चिऱ्यांसारखा सुटून पाण्यात पडतो. मागच्या वर्षी मोकळं असलेलं पाणी एका पावसाळ्यानंतर तसंच असेल असं नाही. त्याच कारणाने कड्याच्या अगदी टोकावर घोळक्याने उभं राहू नका. एकाने उडी मारायची, बाकीच्यांनी मागे थांबायचं.

आता भरती. उधाणाला रत्नागिरी-मालवण पट्ट्यात पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं. म्हणजे सकाळी जिथे बिनघोर उडी मारली, तिथे दुपारी खडक डोकं वर काढून असतो. जुना हिशोब अजून कामाचा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी बारा-साडेबाराला पाणी तळाला. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरा आणि निघण्यापूर्वी भरतीच्या तक्त्याशी ताडून बघा. तुमच्यासाठी मी द्वादशी किंवा त्रयोदशी निवडेन. भरती नऊ ते पावणेदहाला येते, आठला पोचलात तर पाणी चढत असतं. शिवाय थंडीत सकाळी जमिनीवरून मतलई वारा वाहतो, त्यामुळे समुद्र शांत असतो. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटला की घळीत, म्हणजे कड्यामधल्या त्या चिंचोळ्या जागेत, लाटा आपटायला लागतात. भरती पूर्ण होऊन पाणी उतरू लागलं की उड्या बंद, कारण अरुंद घळीतून बाहेर जाणारी ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही दमवते.

पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसून लाटा बघा. पाच-सहा बारक्या लाटांनंतर दोन-तीन मोठ्या येतात, हा क्रम कळल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. अरुंद घळीत पाणी कोंडून किती उंच उसळतं हे बघायचं असेल, तर गुहागरकडच्या हेदवीची बामणघळ भरतीला लांबून बघून या.

उडी उभीच मारा, पाय जुळवून, हात अंगाशी. सूर मारायचा नाही. मुटका पुण्याच्या टाकीत ठीक आहे, इथे पाठ सडकून निघेल. पाच मीटरवरून माणूस सेकंदभरात पाण्यावर येतो तेव्हा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असतो. दहा मीटरवरून तो पन्नासला जातो. स्पर्धेच्या तलावात दहा मीटरच्या फळीखाली पाच मीटर खोल, स्वच्छ पाणी ठेवतात. आपल्या घळीत तेवढं क्वचितच मिळतं, म्हणून पाहुण्यांनी तीन-चार मीटरच्या वर चढू नये असं माझं ठाम मत आहे.

गावात विचारल्याशिवाय उतरू नका. पोरं कुठून उडी मारतात हे विचाराच, पण कुठून मारत नाहीत हे आधी विचारा. ओहोटीला तिथे बायका कालवं काढायला येतात, कोणी गरी टाकून बसलेलं असतं. त्यांच्या जागेत धुडगूस नको, बाटल्या तर नकोतच.

ज्याला बेताचं पोहता येतं त्याने उडी मारू नये, मित्रांनी कितीही आग्रह केला तरी. तो दोर आणि हवा भरलेली ट्यूब घेऊन बाहेर यायच्या वाटेवर बसू दे. तिथे कोणीतरी लागतंच. कोणाच्या मानेला मार बसला तर हात धरून ओढू नका. डोकं आणि मान सरळ रेषेत धरून त्याला पाण्यावर तरंगत ठेवा, लाटा लागत नाहीत अशा जागी आणा आणि १०८ ला फोन करा. कड्याखाली रेंज नसते बहुधा, तेव्हा वर सड्यावर रेंज कुठे येते ते उतरण्याआधीच बघून ठेवा.

तारखा ठरल्या की कळवा, तिथी बघून भरतीच्या वेळा काढून देतो.