गरम पाण्यात बुडबुडे जास्त आले, म्हणजे हायड्रिलाचं प्रकाशसंश्लेषण वाढलं का?

हायड्रिला या पाणवनस्पतीवरच्या मुलीच्या प्रयोगात सगळ्यात गरम पाण्यात सगळ्यात जास्त बुडबुडे आले, तर 'तापमान वाढेल तसं प्रकाशसंश्लेषण वाढतं' असा निष्कर्ष लिहायचा का, असं तुम्ही विचारलंय. कृपया लिहू नका.

मी कोल्हापुरात दहावीला विज्ञान शिकवते. या प्रयोगाला हायड्रिला रंकाळा तलावातून आणते. गेल्या एप्रिलमध्ये एका गटाच्या ४५ अंशांच्या बीकरमध्ये बुडबुडेच बुडबुडे. मी वर काळं कापड टाकायला लावलं. थोड्या वेळानं पाहिलं, तर अंधारातही नवे बुडबुडे येतच होते! पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात हवेतला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. हे बुडबुडे काचेला, पानांना चिकटून बसतात. प्रकाशसंश्लेषणाचे बुडबुडे देठाच्या कापलेल्या टोकातून एकामागोमाग एक, माळेतल्या मण्यांसारखे निघतात. तेवढेच मोजायचे.

तसे मोजले, की भरपूर उजेडात वेग आधी वाढतो, ३०-३५ अंशांच्या आसपास टोकाला जातो आणि मग घसरतो. कारण कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर ज्या प्रथिनामुळे चालू राहतं, ते उष्णतेला फार नाजूक असतं. शिवाय गरम पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी विरघळतो आणि रुबिस्को त्याच्याऐवजी ऑक्सिजनच जास्त पकडू लागतं. श्वसन मात्र वाढतच राहतं, म्हणजे कमाई कमी आणि खर्च जास्त.

हायड्रिलाकडे यावर तोड आहे, आणि ती मला फार आवडते. कडक उन्हाळ्यात, दाट वाढीमुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपत आला, की ती आपल्या उसासारखी सी-४ पद्धत वापरू लागते, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून मग रुबिस्कोला पुरवते. उसाला त्यासाठी दोन प्रकारच्या पेशी लागतात, हायड्रिला तेच काम एकाच पेशीत करते.

प्रयोग पुन्हा करताना पाणी उकळून गार करून घ्या, म्हणजे हवा आधीच निघून जाईल. कार्बन डायऑक्साइडसाठी चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. जुना पिवळा बल्ब पाणी तापवतो, म्हणून एलईडी वापरा आणि अंतर बदलू नका. उजेड मंद असेल तर तापमानाचा फरक जवळजवळ दिसतच नाही. आणि पहिल्या वेळचे आकडे खोडू नका, त्यांच्याशेजारी काळ्या कापडाखालचे आकडेही लिहा.