रक्ताचे स्मिअर आणि स्लाइड स्कॅनर: मायक्रोस्कोप कपाटात टाकावेत का?

तुमच्या पॅथॉलॉजी विभागात काचेची पूर्ण डिजिटल प्रतिमा घेणारा स्लाइड स्कॅनर येतोय, एचओडी म्हणजे विभागप्रमुख म्हणताहेत की पेरिफेरल स्मिअरची (काचेवर पसरून रंगवलेल्या रक्ताच्या थेंबाची) प्रात्यक्षिकं यापुढे संगणकावरच, आणि तुम्ही विचारताय की मायक्रोस्कोप कपाटात टाकायचे का. टाकू नका. स्कॅनर मात्र जरूर घ्या.

एम३ ल्युकेमियाचा (रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार), फॅगट सेल्सनी म्हणजे ऑएर रॉड या काडीसारख्या कणांच्या जुड्या असलेल्या पेशींनी भरलेला स्मिअर रेसिडेंटच्या तीन वर्षांत एकदाही समोर येत नाही, असं होऊ शकतं. आलाच तर काच एक आणि बघणारे वीस. 'ऑएर रॉड दिसला का?' म्हटलं की सगळे माना डोलावतात. कुणी काय पाहिलं, देव जाणे! स्क्रीनवर नेमका बाण ठेवता येतो. शिवाय स्मिअरला दिलेला लेशमनचा रंग वर्षागणिक फिकटतो, तेल पुसता पुसता काचेवर ओरखडे येतात; फाइलला हे भोग नाहीत.

गोम फोकसमध्ये आहे. बायोप्सीसाठी घेतलेले स्कॅनर सहसा २०एक्स किंवा ४०एक्स भिंगावर, फोकसच्या एकाच पातळीत स्कॅन करतात. सात-आठ मायक्रॉनच्या तांबड्या पेशीत मलेरियाची रिंग शोधताना आपण १००एक्सला तेल लावून फाइन फोकस सतत हलवत असतो. परजीवीसारखा भासणारा रंगाचा कण पेशीवर बसलेला असेल तर तो आणि पेशी एकदम स्पष्ट होत नाहीत. वाळताना राहिलेला पाण्याचा ठिपका फोकस हलवला की चकाकतो. हे बोटांनी शिकायचं असतं. अनेक थर स्कॅन करता येतात, पण १५ मिमी चौरसाचा एक थर ४०एक्सवर, कॉम्प्रेस न करता, ११ जीबीच्या आसपास जातो. दहा थरांचा हिशोब तुम्हीच करा.

दुसरं म्हणजे जागा. स्कॅन करणारा छान पसरलेला भाग निवडतो आणि शेपूट, म्हणजे स्मिअरचं पातळ टोक, सोडून देतो. प्लेटलेटचे गठ्ठे आणि मायक्रोफायलेरिया (हत्तीरोगाच्या कृमींची पिल्लं) नेमके तिथेच सापडतात! विदर्भात काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

रिपोर्टिंगचं विचाराल, तर २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या संस्थेने) फिलिप्सच्या स्कॅनरला बायोप्सीच्या निदानासाठी परवानगी दिली, त्यातून रक्ताचे आणि मॅरो अॅस्पिरेटचे (सुईने ओढलेल्या अस्थिमज्जेचे) स्मिअर वगळले होते. सेलाव्हिजनसारखी यंत्रं वेगळी: ती १००एक्सवर पांढऱ्या पेशी टिपून गटवारी सुचवतात, शिक्का माणसाने मारायचा. डिफरन्शियलचा, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार मोजणीचा, ढीग असेल तिथे ती उपयोगी.

ऑर्डर देण्याआधी ७.२ पीएचच्या बफरने रंगवलेला स्वतःचा व्हायवॅक्स मलेरियाचा स्मिअर डेमोला न्या. बाधित तांबड्या पेशींतले बारीक शुफनरचे ठिपके दिसले तरच भावाचं बोला.