अकरावीला दुसरी भाषा घेताना

बाळा, अकरावीला इंग्रजी सक्तीचंच, दुसरी भाषा मात्र तुझ्या हातात. "अर्धमागधी घे, मार्क पडतात," असं सांगलीत दहा जण सांगतील. अर्धमागधी म्हणजे जैन ग्रंथांची जुनी प्राकृत भाषा. मीही तेवढंच ऐकून ती घेतली होती. ऑगस्ट संपला तरी शिकवायला कोणी नव्हतं, गाईडवरच भागवलं. मार्क पडले, भाषा काही आली नाही. त्याची हळहळ अजून आहे. म्हणून फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात जाऊन विचार, शिकवणार कोण आणि आठवड्याला तास किती. लेखी ८० ची, तोंडी २० ची, तिथे तोंड उघडावंच लागतं.

तुझी आजी जतकडची, घरात कानडीच बोलते. कॉलेजात कानडी असेल तर तीच घे. लिपी नवी, गोलगोल वाटेल, महिनाभर रोज पानभर गिरव. "ऊटा आय्ता?" म्हणून आजी जेवणाचं विचारते, ते तुला कळतंच की.