कान राखून काम कर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

दिवसातला दुसरा पियानो सुरात लावून झाला की कानात बारीक शिट्टी वाजत राहते आणि रात्री उजवा खांदा ठणकतो, असं तू लिहिलंस. आधी शिट्टीचं बोलू. खांदा विश्रांतीने सावरतो, गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

तार आणि ती जिच्याभोवती गुंडाळलेली असते ती पिन जागेवर बसावी म्हणून पट्टीवर जोराचे ठोके द्यावे लागतात, हे मलाही मान्य आहे. नुसत्या हलक्या हाताने लावलेला पियानो पहिल्याच मैफलीत सुरातून उतरतो. पण पहिल्या पट्टीपासून अठ्ठ्याऐंशीव्या पट्टीपर्यंत सतत दणके देणं म्हणजे नुसती खोड. पिन फिरवताना बेताच्या आवाजात ऐक. स्वर जुळला की दोन-तीन खणखणीत ठोके दे, हलला तर पुन्हा लाव. बराच उतरलेला पियानो 440 हर्ट्झवर, म्हणजे ठरलेल्या सुरावर, आणताना तर पहिल्या फेरीत दणक्यांचा काही उपयोगच नाही. पुढच्या तारा ताणल्या की मागच्या उतरणारच.

कामाच्या जागचं आरोग्य पाहणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास चालतात. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा: 88 ला 4 तास, 94 ला एकच, 100 ला पाव तास. वरच्या सप्तकात तू तारांवर वाकून ठोके देतोस तेव्हा कानापाशी किती आवाज असतो, ते एकदा मोजून बघ.

आवाजाने कान बिघडू लागतो तो बहुधा 3000 ते 6000 हर्ट्झच्या टप्प्यात, त्यातही 4000 च्या आसपास. पियानोची शेवटची पट्टी 4186 हर्ट्झची! नेमकं आपलंच शेवटचं सप्तक जातं, आणि गेलेलं कळतही नाही. मधल्या भागातल्या एफ आणि ए या स्वरांच्या जोडीचे सेकंदाला साधारण 7 बीट्स, म्हणजे आवाजातले हेलकावे, आपण 880 हर्ट्झजवळ ऐकतो. ते शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू येतात, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. वरचे स्वर चढे लागताहेत हे मग दुसराच कुणीतरी सांगतो.

फोमचे इअरप्लग घेऊ नकोस. ते वरचे स्वर जास्त दाबतात आणि सगळं मठ्ठ ऐकू येतं. संगीतकारांसाठीचे मिळतात, ते सगळे स्वर जवळपास सारखेच कमी करतात. सुरुवातीला आपण डोकं उशीत खुपसून ऐकतोय असं वाटेल, तरी वरच्या दोन सप्तकांना ते घालच. आत्ताच ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढ आणि दर वर्षी नवा काढून जुन्याशेजारी ठेव. शिट्टी थांबत नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखव. एखादा कान अचानक बंद झाला तर मात्र त्याच दिवशी जा, मळ असेल म्हणून थांबू नकोस.

आता खांदा. तू पिन फिरवायचा लिव्हर दंडाच्या जोराने ओढत असणार. उभ्या पियानोवर लिव्हर घड्याळातल्या बारा-एकच्या दिशेला लाव, कोपर किंवा मनगट पियानोवरच टेकव आणि अंगाचं वजन वापर. हात हवेत तरंगत ठेवून दोनशेहून जास्त पिना फिरवल्या तर कुठलाही खांदा बोलणारच. डाव्या हाताचंही बघ. ठोका देणाऱ्या बोटाला शेजारच्या बोटांचा आधार दे आणि मनगट सरळ ठेव. ग्रँड पियानोची अ‍ॅक्शन, म्हणजे हातोड्यांची यंत्रणा, काढताना ती ठेवायची जागा आधी रिकामी कर. अ‍ॅक्शन हातात धरून वळल्यामुळे कमरा धरलेल्या मी पाहिल्या आहेत.

जुने पियानो उघडताना मास्क घाल. आत उंदरांच्या लेंड्या असतात, कसरीसाठी मारलेली जुनी औषधंही. पट्ट्यांमधल्या शिशाच्या वजनांवर पांढरी भुकटी दिसली तर फुंकर मारू नकोस, ती विषारी असते. ओल्या फडक्याने पूस, फडकं टाकून दे, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नकोस. नवी तार चढवताना चष्मा घाल.

आणि बराच उतरलेला पियानो दिवसाला एकच घे. दुसऱ्या गिऱ्हाइकाला पुढची तारीख दे. वर्षानुवर्षं न लावलेला पियानो आणखी आठवडाभर थांबू शकतो.

तुझा,
काका