शॉपफ्लोअरचे प्रश्न: पत्र्यावरच्या रेघा आणि रात्रीत तुटणारे बोल्ट

प्रश्न: आमचं प्रेस शॉप आहे. ०.८ मिमीच्या सीआरसीए (थंड लाटून मग तापवून मऊ केलेल्या) पत्र्याची झाकणं काढतो. फेब्रुवारीत कॉइल आली तेव्हा माल स्वच्छ निघत होता. उरलेली तीच कॉइल जूनमध्ये लावली, तर सपाट भागावर ज्वाळेसारख्या तिरक्या रेघा उठल्या; रंग दिल्यावर त्या जास्तच दिसतात. डाय पॉलिश केली, तेल बदललं, फरक नाही.
– एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर: डाय निर्दोष आहे, तिला आता हात लावू नका. पत्रा गोदामात ‘पिकला’ आहे.

लोखंडाच्या स्फटिकात अणूंच्या रांगा सगळीकडे सरळ नसतात. जिथे रांग मध्येच तुटते त्या दोषरेषेला डिसलोकेशन म्हणतात. पत्रा वाकतो तो या रेषा सरकतात म्हणून. कार्बन आणि नायट्रोजनचे अणू लहान. ते लोखंडाच्या अणूंच्या फटीत कसेबसे मावतात. दोषरेषेपाशी मात्र फट ताणलेली असते, तिथे त्यांना ऐसपैस जागा मिळते. साध्या तापमानालाही ते हळूहळू तिकडे सरकतात आणि रेषेला चिकटून बसतात. हेच ते पिकणं. कॉट्रेल आणि बिल्बी यांनी १९४९ मध्ये याचं गणित मांडलं. सगळ्या रेषा जखडायला वजनाने दहा लाखांत काही भाग कार्बन पुरतो, म्हणून पत्र्याच्या सर्टिफिकेटवरून हा धोका कळत नाही.

पावसाळ्यात खानापूरकडच्या चिखलात रुतलेली बैलगाडी आठवा. चाक सुटायला जोराचा हिसका लागतो. सुटलं की तेच बैल सहज ओढतात. पत्र्यातही तसंच होतं. जिथे रेषा आधी सुटतात तो पट्टा एकदम ताणला जाऊन खोल जातो आणि शेजारचा तसाच राहतो. ती तुमची रेघ. खोल ओढलेल्या भागात सगळंच ताणलं जातं, म्हणून रेघा तिथे नसून कमी ताणलेल्या सपाट भागावर दिसतात.

कारखान्यातून पत्रा निघताना त्याला ०.५ ते १.५ टक्क्यांचा हलका ‘स्किन पास’ (रोलरमधली शेवटची दाबणी) देतात. त्याने नव्या, मोकळ्या रेषा तयार होतात, पण तो परिणाम मुदतीचा. १०० अंशांवरचा एक तास म्हणजे २१ अंशांवरचे साधारण तीन महिने. पत्र्याच्या शेडखाली कॉइल सतत ३८ अंशांत राहिली, तर तेवढंच पिकणं दोन-तीन आठवड्यांत होतं. मे महिना मध्ये गेला, हे विसरू नका.

कॉइल आली की २५ मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या कापा. एक तशीच ठेवा, दुसरी तासभर उकळत्या पाण्यात ठेवा (बेळगावच्या उंचीवर पाणी ९७-९८ अंशांना उकळतं, चालेल). दोन्ही ५० मिमीच्या पाइपवर हाताने वाकवा. गोल कमान आली तर ठीक. उकळलेली पट्टी पैलू पडून मोडल्यासारखी वाकली, तर ती कॉइल आधी संपवा.

आता हातात असलेल्या मालासाठी: रोलर लेव्हलरमधून उलट-सुलट वाकवून काढा आणि त्याच दिवशी प्रेसला लावा. ओल घालवायला पत्रा तापवू नका, त्याने तो आणखी पिकेल. पुढची ऑर्डर देताना सीआर४ प्रतीचा पत्रा, किंवा दिसणाऱ्या भागासाठी सीआर५ मागा. सीआर५मध्ये टायटॅनियमसारखी मूलद्रव्यं कार्बन-नायट्रोजनला आधीच बांधून टाकतात, मग पिकायला मोकळं काही उरत नाही. भाव जास्त पडतो; पण रिजेक्शन मोजलं तर आमच्या मते तोच स्वस्त. आणि आधी आलेली कॉइल आधी लावा.

प्रश्न: १२.९ ग्रेडचे बोल्ट झिंक प्लेटिंग करून बसवले. टॉर्क बरोबर होता. दुसऱ्या दिवशी तीन बोल्टांची डोकी तुटून पडली होती.
– एक वाचक, मच्छे

उत्तर: इथे घुसखोर हायड्रोजन आहे. ॲसिड पिकलिंग (ॲसिडने गंज काढणं) आणि प्लेटिंग दोन्हींत तो पोलादात शिरतो, दोषरेषांवर आणि कणांच्या सीमांवर अडकतो, आणि बोल्ट ताणलेला राहिला की डोक्याखालच्या खाचेशी गोळा होतो. त्याला तिथे पोचायला वेळ लागतो, म्हणून बोल्ट कसताना नाही तर रात्रीतून तुटतो. कमी कडक ८.८ ग्रेडमध्ये ही भीती फारशी नसते. सुमारे ३९० व्हिकर्सच्या वर कडकपणा गेला की सांभाळायचं.

प्लेटिंगवाल्याला लेखी सांगा: पिकलिंगऐवजी शॉट ब्लास्टिंग, आणि प्लेटिंग झाल्यावर शक्यतो तासाभरात, फार तर चार तासांत, १९० ते २२० अंशांवर बेकिंग. १२.९साठी दोन-तीन तास पुरत नाहीत, कारण झिंकचा थरच हायड्रोजनला बाहेर पडू देत नाही. किमान ८ तास, शक्य असेल तर २४. पॅसिव्हेशन (झिंकवरचा संरक्षक रासायनिक थर) बेकिंगनंतरच करायचं, नाहीतर तो थर उष्णतेने खराब होतो. त्या लॉटमधले बसवलेले उरलेले बोल्टही काढून टाका. त्यांना आता बेक करून उपयोग नाही. आत तडा सुरू झाला असेल तर तो भरून येत नाही.